चिंधी बांधलेली हिरवी बाटली

मी गंगाजलाची बाटली. म्हणजे वैशाखातल्या त्या दुपारपर्यंत होते. आता कोण आहे ते शेवटी सांगेन. आधीच सांगितलं तर तुम्ही मला हातसुद्धा लावणार नाही, आणि तेच योग्य होईल.

माझा जन्म काचेच्या भट्टीतला. रंग गडद हिरवा, मान लांब, तोंडाला बूच. गंगाकाठच्या कोन्नगरच्या भवतोषबाबूंच्या लग्नात पाहुण्यांना द्यायला गुलाबाचं सरबत आणलं होतं, ते माझ्या पोटात होतं. वऱ्हाड पांगलं, सरबत संपलं, आणि माझ्या बहिणी भंगारात गेल्या. मला मात्र भवतोषबाबूंच्या धाकट्या बहिणीने, निभाने, चिंच लावून घासलं आणि गंगेवर नेऊन भरलं.

त्याच निभाला आज घरात सगळे पिशिमा म्हणतात, म्हणजे आत्याबाई. सव्विसाव्या वर्षी कपाळ पुसून त्या भावाच्या घरी परत आल्या. तेव्हापासून पांढरं लुगडं, एकवेळचं जेवण, आणि अंगणापलीकडच्या खोलीत स्वतःची वेगळी चूल. त्या चुलीवर मासळी नाही, कांदा नाही, लसूण नाही. देवाची फळीही तिथेच, आणि फळीवर मी.

पिशिमांचं नाक साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. मासळीच्या हाताने कुणी त्यांच्या खोलीची कडी जरी उघडली, तरी त्यांना दुसऱ्या दिवशी कळायचं. "या पळीला माशाचा हात लागलाय," असं म्हणून पळी बाहेर. भवतोषबाबूंची सून काकोली त्यामुळे रडकुंडीला यायची. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच महिन्यात ती नवऱ्याला म्हणाली होती, "तुझ्या पिशिमांना पोलिसात का नाही घातलं? कुत्र्यांचा खर्च वाचला असता."

माझं काम थोडं, पण मानाचं. बाजारातून आलेल्या भाजीवर चार थेंब. सुतक फिटलं की उंबऱ्यावर चार थेंब. आणि घरातलं माणूस निघालं की त्याच्या तोंडात शेवटचे थेंब. अकरा वर्षांपूर्वी भवतोषबाबूंची बायको गेली, तेव्हा पिशिमांनी तांब्याच्या लहानशा पळीने माझ्यातलंच पाणी तिच्या ओठांत सोडलं होतं. भवतोषबाबूंनी तेव्हाच सांगून ठेवलं, "खुकू, माझ्याही वेळेला तूच." पंचाहत्तरीच्या बहिणीला ते अजून खुकूच म्हणतात, म्हणजे छकुली.

मग ती साथ आली. रस्ते बंद झाले, रेल्वे बंद झाली. काकोलीचा नवरा सिलिगुडीला कामावर होता, तो तिकडेच अडकला. घरात उरली तीन माणसं: दम्याने अंथरुणाला खिळलेले भवतोषबाबू, पिशिमा आणि काकोली. नवरा रोज फोनवर काकोलीला बजावायचा की बाबांच्या छातीत हे शिरलं तर संपलं सगळं. तो फोन ठेवला की ती बराच वेळ तशीच बसून राहायची. सासऱ्यांचा श्वास आपल्या हातात आहे, ही धास्ती तिने मनात घेतली ती कायमची.

तिने घराला शिस्त लावली. बाजाराच्या पिशव्या दाराशीच थांबायच्या. तांदूळ, डाळ, बिस्किटं, जे टिकतं ते व्हरांड्यात दोन दिवस तसंच. दुधाची पिशवी साबणाने धुवायची, मग हात, मग कडी, मग पुन्हा हात. बाहेरचं लुगडं बदलल्याशिवाय चुलीपाशी यायचं नाही. मासेवाला सायकलवरून यायचा तर टोपली भिंतीवर ठेवून दहा पावलं मागे उभा राहायचा.

पिशिमांना हे सगळं भलतंच आवडलं.

"पन्नास वर्षं मी दुसरं काय सांगतेय?" त्या म्हणायच्या. "तेव्हा म्हातारीला सोवळ्याचं वेड लागलंय म्हणत होतात."

पहिल्या आठवड्यात काकोलीने परवर, कारली, शेवग्याच्या शेंगासुद्धा कपड्याच्या साबणाने धुतल्या. पिशिमांनी त्यांचा शुक्तो शिजवला, त्यांचा नेहमीचा कडवट रस्सा, तर पातेल्यात फेस. भवतोषबाबू दोन घास खाऊन म्हणाले, की आज पोटाचीही धुलाई झाली. त्यांना दिवसभर ढवळत होतं. त्या दिवसापासून भाजीला साधं पाणीच, भरपूर.

भांडण होतं ते माझ्यावरून. काकोलीने भाजी धुवून टोपलीत ठेवली की पिशिमा मला घेऊन यायच्या आणि चार थेंब शिंपडायच्या. काकोली टोपली उचलून पुन्हा धुवायची. पिशिमा पुन्हा शिंपडायच्या. एका दुध्याला एका सकाळी पाच आंघोळी झालेल्या मी पाहिल्यात. काकोली म्हणायची, नदीत साऱ्या गावाची घाण येते. पिशिमा म्हणायच्या, तुझ्या नळात काय अमृत येतं? दोघीही एकाच म्हाताऱ्याच्या जिवासाठी भांडत होत्या, आणि ते दोघींनाही कळत होतं.

रोजच्या शिंपडण्याने मी तळाला गेले. घाटावर बांबू आडवे बांधलेले, पोलीस बसलेले. अक्षय तृतीयेच्या पहाटे पिशिमांनी मला पदराखाली घेतलं आणि मागच्या दाराने निघाल्या. बंद गिरणीच्या भिंतीला एक भगदाड आहे, तिथून पायवाट थेट पाण्यावर उतरते. मला वाटलं होतं, तिथे आम्ही दोघीच असू. पण गल्लीतल्या सगळ्या बायकांना तेच भगदाड माहीत होतं. अकरा जणी पायऱ्यांवर दाटीवाटीने बसलेल्या. महिन्याभरात एकमेकींचं तोंड पाहिलेलं नाही, मग काय, पदर तोंडावरून खाली आले. बत्तासे वाटले गेले. एक बाई मान वळवून खोकली आणि म्हणाली, थंड पाण्याने होतं मला असं. पिशिमांनी तिची पाठ चोळली.

मला गंगेत बुडवून भरलं. घरी आल्यावर पिशिमांनी मला फळीवर ठेवलं आणि हळूच म्हणाल्या, "बउमाला सांगायचं नाही हं." बउमा म्हणजे सूनबाई. मी कुणाला काय सांगणार?

पाच दिवसांनी काकोली माझ्यापाशी आली. पिशिमा न्हाणीत होत्या. काकोलीने मला उचललं, अंगणात नेलं, माझ्यातलं पाणी एका धारेत ओतून टाकलं. नळाचं पाणी भरलं आणि पालिकेने गटारावर टाकायला दिलेल्या पुडीतली पांढरी पूड चमच्याने आत सोडली. बूच लावून मला हलवलं. माझी काच हिरवी, त्यामुळे आतलं गढूळ काही दिसेना. निवळल्यावर तर कळायला मार्गच नव्हता.

"शिंपडायचंच आहे ना, पिशिमा," ती पुटपुटली, "मग काहीतरी उपयोगाचं शिंपडा. मी मागाहून धुवून घेईन." आणि मग माझ्याकडे बघून, जणू मी माणूस आहे असं समजून, "रागावू नकोस. भांडून भांडून दमले मी."

आता माझ्या पोटात दोघींची दोन गुपितं झाली. पहिलं घाटावरचं, दुसरं हे.

पोटात ती पूड गेल्यापासून मला स्वतःचाच वास सहन होईना. डोळ्यांत पाणी आणणारा, घशाला झोंबणारा. मी वाट पाहत होते. पिशिमा येतील, बूच काढतील, आणि असा काही आरडाओरडा करतील की गल्ली गोळा होईल. सुनेची खरडपट्टी निघेल, मी घासली जाईन, आणि प्रकरण मिटेल. तेच बरं होतं.

पिशिमा आल्या. बूच काढलं. मला नाकाखालून नेलं, तळहातावर पाणी घेतलं, भाजीवर शिंपडलं. बूच लावलं. एक शब्द नाही.

दाराआडून काकोलीने सुटकेचा श्वास सोडला. म्हातारपण, दुसरं काय, असं तिला वाटलं असणार. मला मात्र त्या क्षणी धडकी भरली. माशाचा हात दुसऱ्या दिवशी ओळखणारं ते नाक माझ्या तोंडापाशी आलं आणि गप्प राहिलं. त्यांच्या तळहाताची उष्णता माझ्या काचेला लागली, तीही रोजच्यापेक्षा जास्त होती. त्या दिवशी त्यांनी आपला शुक्तो निम्मा टाकून दिला, म्हणाल्या चवच नाही, परवरच बेकार निघाले. भवतोषबाबू पलीकडून ओरडले, "घरात आज माझ्या टाकीचा वास कसा येतोय ग?" ते पालिकेच्या पाण्याच्या टाकीवर एकतीस वर्षं कामाला होते. काकोलीने सांगून टाकलं, गटारात पावडर टाकलीय बाबा.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते घडलं.

भवतोषबाबूंना सकाळपासून धाप लागत होती आणि ओढायचं औषध संपत आलं होतं. काकोली तोंडाला दोन पदरी फडकं बांधून औषधाच्या दुकानाकडे गेली. रांग लांब होती, हे मागाहून कळलं. इकडे म्हाताऱ्याची धाप वाढत गेली. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. पिशिमांनी पाठीला उशा लावल्या, पंख्याने वारा घातला, औषधाची नळी तोंडात धरून दाबली. ती कोरडी निघाली. त्यांनी खिडकीतून शेजाऱ्यांना हाका मारल्या. समोरचं एक दार उघडलं आणि पुन्हा लागलं. या घरात कुणाला तरी खोकला आहे, एवढं त्या दाराला पुरे होतं.

भवतोषबाबूंचे ओठ निळसर दिसायला लागले. डोळे वर जाऊ लागले. पिशिमा दारात दोन वेळा जाऊन आल्या. त्यांना वाटलं, वेळ आली. अकरा वर्षांपूर्वी भावाला दिलेला शब्द आठवला असणार, कारण त्या एकदम शांत झाल्या. अंगण ओलांडून आल्या, देवाला हात जोडले, तांब्याची पळी घेतली आणि मला उचललं.

मी काय सांगू? साठ वर्षं ज्या हातांनी मला जपलं, त्या हातांत मी विष होऊन निघाले होते. धडधाकट माणसाचं त्या पळीभर पाण्याने फार तर तोंड पोळलं असतं. पण जो श्वासासाठी धडपडतोय, त्याच्या तोंडात ते सोडलं की पोटात जात नाही, छातीत जातं. आणि ही पळी भावाच्या तोंडात बहिणीने घातलेली असणार होती. फुटण्यासाठी मी सगळा जीव एकवटला. काच स्वतःहून फुटत नाही. मी म्हटलं सोडा मला, एकदा हातातून निसटू द्या. त्यांनी दुसरा हात खाली लावला आणि मला आणखी घट्ट धरलं.

बूच निघालं. पळी भरली. "दादा," पिशिमा म्हणाल्या, "देवाचं नाव घे." आणि पळी त्यांच्या ओठांपाशी नेली.

भवतोषबाबूंचे डोळे उघडले. नाकपुड्या फुलल्या. ज्या माणसाला श्वास घेता येत नव्हता, त्याने कुठून तरी बळ आणलं, मान फिरवली आणि हाताने पळी उडवून दिली. पाणी त्यांच्या छातीवरच्या लाल गमछ्यावर सांडलं.

पिशिमांना ते शेवटच्या वेळचं भान सुटणं वाटलं. त्यांनी पळी पुन्हा भरली. दुसऱ्या वेळेला त्यांचं मनगट धरून भवतोषबाबू एकेक शब्द तोडत बोलले.

"खुकू... हे गंगेचं नाही. हे... टाकीतलं. ब्लीचिंग."

"काय बोलतोस दादा? माझ्या हाताने भरलंय मी."

त्यांनी गमछ्याकडे बोट केलं. लाल कापडावर पाणी सांडलं होतं तिथे हळूहळू फिके डाग उमटत होते. पिशिमा त्या डागांकडे पाहतच राहिल्या.

तेवढ्यात काकोली आली. दारातूनच तिने पळी पाहिली, मला पाहिलं, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. पण ती बाई खरी, आधी धावली ती औषधाकडे. दोन वेळा, चार वेळा नळी दाबली, पाठ चोळली, खिडक्या सताड उघडल्या, मला बूच लावून बाहेर ठेवलं. पंधरा-वीस मिनिटांनी शिट्टी थांबली. ओठांवर रंग आला. मग ती भिंतीला टेकून खाली बसली आणि सगळं सांगून टाकलं. काहीही लपवलं नाही, स्वतःची बाजूही मांडली नाही. पिशिमांनी एक थप्पड मारली असती तर तिला बरं वाटलं असतं. 

बोलले ते भवतोषबाबू, अजून धापा टाकतच.

"ते जाऊ दे. खुकू, तुला वास आला नाही?"

 उघड्या खिडकीतून मला अंगणातूनही आतलं सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं. काकोलीने उठून कासुंदीची बरणी आणली, मोहरीची ती चटणी, जिच्या वासाने दुसऱ्या खोलीतल्या माणसाचे डोळे झोंबतात. बरणी पिशिमांच्या नाकाखाली धरली. मग हिंगाची डबी. मग, आयुष्यात पहिल्यांदा, माशाची टोपली. ते नाक, ज्याने काकोलीला सतरा वर्षं रडवलं, त्या टोपलीवर वाकलं आणि नुसतंच हललं.

"काही नाही ग," पिशिमा म्हणाल्या. आवाज अगदी लहान झाला होता. "चार दिवस झाले, कशालाच काही नाही."

मग घाटाचं निघालं. भगदाड, पायऱ्या, बत्तासे, खोकणारी बाई. दुधाच्या पिशव्या आम्ही धूत होतो, दुध्याला आंघोळी घालत होतो, आणि दुखणं घरात शिरलं ते जिवलग बायकांच्या गप्पांतून. डाळ-तांदळाचा त्यात काही दोष नव्हता. हात धुणं वाया गेलं असंही नाही. तोंड झाकायचं तेवढं राहिलं होतं.

पिशिमा स्वतःच उठल्या. अंगण ओलांडून आपल्या खोलीत गेल्या आणि आतून कडी लावली. "आता इकडे कुणी यायचं नाही," एवढं म्हणाल्या. पन्नास वर्षं हेच वाक्य त्या घरातल्यांना ऐकवत आल्या होत्या. त्या दिवशी ते ऐकून काकोली तोंडावर पदर घेऊन रडली.

दोन दिवसांनी तपासणीचा निकाल आला आणि रुग्णवाहिका दाराशी उभी राहिली. आपादमस्तक झाकलेली दोन माणसं आली. पिशिमांना श्वास पुरत नव्हता. गल्लीतली सगळी दारं बंद होती, खिडक्यांच्या फटी तेवढ्या उघड्या. गाडीत चढताना त्या थांबल्या. मला वाटलं, आता गंगाजल मागतील, आणि मी अंगणाच्या कोपऱ्यात पोटात विष घेऊन उभी. पण त्यांनी काकोलीला विचारलं, "बउमा, बाटलीतलं पाणी कुठे ओतलं होतंस? गटारात?"

"नाही पिशिमा. तुळशीत."

त्यांनी मान हलवली. "बरं केलंस," म्हणाल्या, आणि दार लागलं.

सतरा दिवस पिशिमा हॉस्पिटलात होत्या. भवतोषबाबू आणि काकोली दोघांचीही तपासणी झाली, दोघंही सुटले. काकोलीने पहिल्याच दिवशी नदीचं पाणी कुणाकडून तरी मागवून नवी पितळी लोटी भरली आणि देवाच्या फळीवर ठेवली. आणि तो डाग पडलेला गमछा फाडून त्याची एक चिंधी माझ्या गळ्यात बांधली. म्हणजे चष्मा नसला, नाक गेलं, तरी हाताला चिंधी लागेल आणि कळेल, हे तोंडात घालायचं नाही. मग मला न्हाणीतल्या सगळ्यात उंच फळीवर ठेवलं. माझ्यात पुन्हा कधी कुणी काही भरलं नाही, हे पुडीचं पाणी न्हाणीत शिंपडून संपेल तेव्हा मी कोरडी होईन.

पिशिमा परत आल्या तेव्हा अर्ध्या झाल्या होत्या. नाक मात्र परत आलं नव्हतं. त्या पुन्हा आपल्या चुलीपाशी बसू लागल्या, पण मीठ विचारून घालायच्या, दूध करपलं तरी कळायचं नाही. काकोली मासे करायची त्या दिवशी दिवसभर हात घासत बसायची, आणि त्यांना काहीच कळत नाही हे तिलाच सोसत नव्हतं. रोज सकाळी ती त्यांच्यासमोर कापूर धरायची, कासुंदी धरायची. रोज त्या मान हलवायच्या. मध्येच वादळ आलं, गच्चीचे पत्रे गेले, तुळस कुंडीसकट उडाली. काकोलीने नवी लावली.

परवाची गोष्ट. काकोली घाईत होती. मासे साफ करून, हात नुसते पाण्याखाली धरून, ती पिशिमांची भाजीची टोपली उचलायला गेली. न्हाणीच्या झरोक्यातून मला अंगण दिसतं. पिशिमा विळीवर भोपळा चिरत होत्या. त्यांचा हात थांबला. मान वर झाली. नाकपुड्या फुलल्या, अगदी भावाच्या फुलल्या होत्या तशा.

"बउमा," त्या म्हणाल्या, "माशाचा हात तसाच लावलास टोपलीला."

काकोली जागच्या जागी उभी राहिली. टोपली हातातून सुटली, परवर अंगणभर घरंगळले. मग ती तिथेच जमिनीवर बसली आणि लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडायला लागली. आतून भवतोषबाबू विचारू लागले, काय झालं, कुणाला काय झालं?

"काही नाही दादा," पिशिमांनी ओरडून सांगितलं. पदराने त्याही डोळे पुसत होत्या. "तुझ्या सुनेला साबण सापडत नाहीये."

तर अशी मी, आता ब्लीचिंगच्या पाण्याची बाटली. देवाच्या फळीवर आता माझी जागा नाही, शेवटचे थेंबही आता त्या लोटीतले असतील, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. कुणाच्या घरी माझ्यासारखी एखादी असेल, तर तिच्या पोटात काय आहे ते घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असू द्या. प्रेमापोटी भरलेलं असलं तरी सांगून भरा. मी फार वेळ ओरडत होते हो त्या दुपारी. बाटलीचं ओरडणं कुणाला ऐकू येत नाही.